पाचवा ब्रॅकेट

३ मार्च, मंगळवार

सकाळपासून चौथ्यांदा तेच – "अगं, त्या दांड्याचं काहीतरी कर." करते म्हटलं ना! हातातली भाजी तरी चिरून होऊ द्या. निवृत्त नवरा घरात म्हणजे डोक्यावर बिनपगारी साहेब.

दांडा म्हणजे स्टिअरिंगला लावायचं कुलूप. तळमजल्यावरच्या शिंप्यांची गाडी मागच्या वर्षी दारातून चोरीला गेली, त्याच संध्याकाळी हे जाऊन घेऊन आले. लोखंडी नळी, दोन टोकांना दोन आकडे, मध्ये कुलपाचा ठोकळा. वजन दीड किलोच्या वर. गाडी उभी असली की तो स्टिअरिंगवर, गाडी चालू असली की ड्रायव्हरच्या सीटमागे जमिनीवर लोळत पडलेला. आमच्या गाडीला चौदा वर्षं झाली. चोराला हातात किल्ली दिली तरी चार दिवसांनी परत आणून लावील. पण ह्यांना कोण सांगणार.

शनिवारी भुंग्याला पोहण्याच्या क्लासवरून आणत होते. भुंगा म्हणजे नात – तोंडाने अखंड गुणगुण चालू असते म्हणून भुंगा. फाटकातून आत वळले आणि थेट खांबावर. बंपर फाटला, दिवा फुटला. पोरगी मागे पट्टा लावून बसलेली, तिला खरचटलंही नाही. मी गॅलरीतून धावत खाली पोचले तेव्हा हे गाडीबाहेर उभे होते, हातात दांडा. "हा ब्रेकखाली आला." तेहतीस वर्षं शहराची बस चालवली, गाडीला एक ओरखडा नाही, आणि आपटले ते स्वतःच्या फाटकावर. चेहरा पाहवत नव्हता.

मी काही बोलले नाही. लेक बोलली. फोनवर, हळू आवाजात, म्हणजे जास्तच रागावलेली. "आई, त्या दांड्याचा पक्का बंदोबस्त होईपर्यंत ती बाबांच्या गाडीत बसणार नाही." बरोबरच आहे तिचं. पण ह्यांचा शनिवार म्हणजे भुंग्याचा दिवस. सकाळी न्यायचं, काचेपलीकडे बसून तिला पोहताना बघायचं, ओल्या केसांची आणायची. बाकीचे सहा दिवस हे त्याच्यावरच काढतात.

तेव्हा बंदोबस्त करायचा. गाडी तशीही अंगणात उभी आहे. बंपर गॅरेजवाल्याने नेलाय, दिव्याची काच मागवलीय. तोवर दांड्याला गाडीतच बसवायला पक्की जागा करते. ब्रॅकेट.

४ मार्च, बुधवार

प्रिंटरवरची चादर काढली. जावयाने दीड वर्षापूर्वी हौसेने घेतलेलं यंत्र. प्लॅस्टिकची तार वितळवतं आणि थरावर थर चढवत वस्तू उभी करतं. जावयाने त्यावर दोन किल्ल्यांच्या अडकवण्या आणि एक बिनसोंडेचा हत्ती केला. हौस फिटली. "आई, तुमच्याकडे ठेवू का? आमच्याकडे जागा नाही." तेव्हापासून शिलाई मशीनशेजारी पडून होता.

मी पंपाच्या कारखान्यात ड्रॉइंग विभागात एकतीस वर्षं काढली. शेवटची पंधरा संगणकावर. त्यामुळे आराखडा काढणं म्हणजे डाव्या हातचा मळ. यंत्राशी मात्र ओळख नाही. आज दिवसभर माहितीपुस्तक वाचलं आणि एक चौकोनी ठोकळा काढून पाहिला. वीस मिलिमीटरचा मागितला, वीस पूर्णांक एक दशांश दिला. भला माणूस आहे.

५ मार्च, गुरुवार

मिलिमीटरचेही भाग मोजणारा व्हर्नियर बाहेर काढला. निवृत्तीच्या दिवशी विभागातल्यांनी दिलेला, मखमली डबीतला – दोन वर्षांत डबी फक्त पुसली. हातात घेतला आणि अंगठा आपोआप चाकावर गेला.

नळी ३२.४, रंगासकट. कुलपाचा ठोकळा ५८, चारी बाजूंनी. बंद लांबी ५३०.

जागा ठरवली: शेजारच्या सीटखाली, पुढच्या कडेला. सीट ज्या दोन रुळांवर सरकते त्यांचे बोल्ट तिथे आयतेच आहेत. प्रत्येक बोल्टला एक ब्रॅकेट, दोघांच्या जबड्यांत दांडा आडवा. ड्रायव्हरने वाकून ओढला की हातात. मापं घेताना मी अर्धी गाडीत, अर्धी बाहेर. शिंपी दारातून म्हणाले, "वहिनी, काही हरवलंय का?" म्हटलं, "हो, कंबर."

आज एकदाही घड्याळ बघितलं नाही. दोन वर्षं सकाळी उठून आज काय करायचं हा प्रश्न पडायचा. आज पडला नाही.

७ मार्च, शनिवार

नऊ वाजता हे इस्त्रीचा शर्ट घालून तयार. सवय. मग लक्षात आलं, तसेच खुर्चीत बसले. पेपर दोनदा वाचला, दुसऱ्यांदा मागच्या पानाकडून. दुपारी लेक भुंग्याला घेऊन दोन मिनिटं टेकली. कामावरून धावतपळत जाऊन तिला आणलेलं, तोंड उतरलेलं. भुंग्याने विचारलं, "आजोबा, तुमची गाडी बरी झाली का?" हे म्हणाले, "आजी औषध करतेय."

माझ्याकडे बघून म्हणाले. करतेय हो, करतेय.

८ मार्च, रविवार

पहिला ब्रॅकेट निघाला. पिवळा – घरात तारेचं तेवढं एकच रीळ होतं. साडेचार तास लागले. मी समोर खुर्ची टाकून बसले. ह्यांनी दोनदा चहा करून आणून दिला. पहिल्यात साखर नव्हती, दुसऱ्यात दोघांची होती.

जबडा ३२ चा ठेवला, म्हटलं प्लॅस्टिक आहे, थोडं ताणेल आणि घट्ट धरेल. ताणलं आणि धरलं! दांडा आत गेला तो निघेचना. हे एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, नाव वल्हवल्यासारखे दोघं मागेपुढे. शिंपी आले, त्यांनी कंबरेला धरलं – दांड्याच्या नव्हे, ह्यांच्या. शेवटी करवत. "चोरच काय, मालकालाही नेता येणार नाही," शिंपी म्हणाले. एवढे आम्ही तिघं कधी हसलो होतो आठवत नाही.

जबडा ३२.८.

१० मार्च, मंगळवार

दोन डावे! एकतीस वर्षांची ड्राफ्ट्समन आणि आरशातलं चित्र उलट करायला विसरले. दोन्ही ब्रॅकेट मोठ्या झोकात खाली घेऊन गेले, एक बसला, दुसरा बोल्टकडे पाठ करून उभा. कारखान्यात हे नव्या पोरांकडून व्हायचं आणि मी त्यांना महिनाभर ऐकवायची. एकाला तर दोन डाव्या पायांचे बूट घालून ये म्हटलं होतं. बिचारा. आज त्याची मनात माफी मागितली.

ह्यांना सांगितलं नाही. "अजून एक दिवस," एवढंच म्हटलं.

११ मार्च, बुधवार

उजवा निघाला. उजवाच आहे. तीनदा तपासला.

१३ मार्च, शुक्रवार

तिसरी जोडी काल लावली, दांडा बसवला, टक्क आवाज आला. खूश होऊन वर आले. आज दुपारी दोनला गाडीचं दार उघडलं तर भट्टीची हवा तोंडावर आली. ब्रॅकेट मेणासारखे वाकलेले, दांडा जमिनीवर. बंद गाडीत उन्हाचं काय होतं हे मी विसरले! पंपाला ऊन लागत नाही ना.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, उन्हाला टिकणारं वेगळं रीळ मिळतं, काळं. "काकू, काय करताय एवढं?" सांगितलं. "मला एक द्याल का? माझाही दांडा सीटखाली बोंबलत फिरतो." आधी घरच्या गिऱ्हाइकाचं होऊ दे म्हटलं. पण बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

१४ मार्च, शनिवार

दुसरा शनिवार. हे आज शर्ट बदलायच्या फंदात पडले नाहीत. अकरा वाजता, म्हणजे बरोबर तिच्या क्लासच्या वेळी, फिरायला गेले. जेवताना म्हणाले, "तिला आता उलटं पोहायला शिकवतायत. लेकीने सांगितलं."

पुढच्या शनिवारी नक्की, असं मी म्हणून बसले.

१५ मार्च, रविवार

काळा चौथा. ऊन सोसलं, पण दांडा ओढताना जबड्याचा एक ओठ कडकन तुटला. बघितलं तर तुटलेली कड अगदी सरळ, थरांच्या रेषेत. लाकूड जसं रेषेवर चिरतं तसंच हे. मी उभा छापला, तो आडवा छापायला हवा, म्हणजे जोर थरांवर येणार नाही. हे आधीच कळायला हवं होतं. ह्यांनी तुटका तुकडा उचलून खिशात टाकला. "राहू दे, आठवण." कसली आठवण, विचारलं. "तू अशी रागावतेस त्याची. दोन वर्षांत बघितली नव्हती."

चहाटळपणा कधी जायचा नाही ह्यांचा.

१६ मार्च, सोमवार

ह्यांचं नवीन खूळ. "शेजारच्या सीटखाली नको, माझ्या सीटखाली लाव. हाताशी हवा." वाद घालण्यापेक्षा माप घेणं सोपं. गेले खाली.

ड्रायव्हरच्या सीटखाली पुढच्या बाजूला एक आडवी सळई आहे, सीट मागेपुढे सरकवायची. तिच्याखालची मोकळी जागा मोजली. ४१. मध्ये मोजली, दोन्ही टोकांना मोजली. ४१. सीट पुढे घेतली, मागे घेतली. तेवढीच.

कुलपाचा ठोकळा ५८. कसाही फिरवा, ५८.

मी तिथेच दारात बसले. दांडा सीटमागे असतो. तिथून ब्रेककडे जायचं तर वाट एकच, ह्या सळईखालून. एका बाजूला दाराचा उंबरा सीटला चिकटलेला, दुसऱ्या बाजूला गिअरची पेटी. मी दांडा मागे ठेवला आणि पायाने पुढे ढकलला. ठोकळा सळईला अडला. आकड्याकडून ढकलला, उलटा करून ढकलला, तिरका. अकरा वेळा ढकलला. पुढचं टोक वीतभर बाहेर डोकावतं आणि थांबतं. ब्रेक तिथून चांगला हातभर लांब आहे.

दांडा ब्रेकखाली गेला नव्हता. जाऊच शकत नाही.

वर आले तर हे विचारतात, "बसेल का?" म्हटलं, "जागा कमी आहे." तेही खरंच.

१७ मार्च, मंगळवार

भुंग्याला विचारता येईल. ती मागेच बसली होती, दांडा तिच्या पायाशी. फोन हातात घेतला आणि ठेवला. पोरीला साक्षीदार करायचं नाही.

आणि मी इथे पंधरा दिवस रोग रेड्याला आणि औषध पखालीला करत बसले आहे. किती मजेत करत बसले होते! त्याचाच राग येतोय.

ह्यांना तोंडावर विचारायचं तर काय विचारू? तेहतीस वर्षांचं प्रशस्तिपत्र भिंतीवर आहे. त्याची काच हे स्वतः पुसतात, मला पुसू देत नाहीत.

१८ मार्च, बुधवार

पाचवा. आडवा छापलेला, काळा, ओठ जाड केलेले, जबडा ३२.८. निघाल्यावर हातात घेतला आणि कळलं, हाच. काही वस्तू बघितल्याबरोबर कळतात. खाली जाऊन जोडी बसवली, दांडा आत टाकला – टक्क. ओढला – सुटला. तीस वेळा. मग भर दुपारी चार तास उन्हात ठेवला. ढिम्म. वर आणून मशीनच्या टेबलाला ठोकला आणि पाण्याने भरलेली बादली टांगली. केसभर वाकला नाही.

आयुष्यात खूप ड्रॉइंगं काढली, त्यातलं कुठलंही मी स्वतः तयार झालेलं हातात धरलं नव्हतं. पंप दुसरेच करायचे, दुसरीकडेच जायचे. हा माझा. कितीतरी वेळ बोट फिरवत बसले.

मग लक्षात आलं. हा खाली लागला की बंदोबस्त झाला. बंदोबस्त झाला की भुंगा ह्यांच्या गाडीत.

बादली उतरवली. पाचवा शिलाई मशीनच्या खणात, कापडाच्या तुकड्यांखाली ठेवला.

१९ मार्च, गुरुवार

ह्यांनी विचारलं, "काल झाला ना तो?" म्हटलं, तडा गेला. ह्यांच्याशी खोटं बोलायला मला जमत नाही, एरवी लगेच पकडतात. आज पकडलं नाही.

हे आंघोळीला गेल्यावर दाराशी ठेवलेल्या चपला उचलल्या. का ते माहीत नाही. नजर गेली म्हणून. डाव्या चपलेचा तळ पुढच्या बाजूला ६ मिलिमीटर जाड. उजवीचा २. व्हर्नियरने मोजला, दोनदा. टाच दोन्हींची सारखीच. म्हणजे उजवं पाऊल उचललं जात नाही, पुढून घासतं. चपला एकाच दिवशी घेतलेल्या, माझ्यासमोर.

नवऱ्याच्या चपला व्हर्नियरने मोजणारी बायको! कुणी बघितलं असतं तर डॉक्टरकडे मलाच नेलं असतं.

२१ मार्च, शनिवार

आज सहावा काढला. जबडा मुद्दाम ३२.० केला.

एकतीस वर्षांत चुकीची मापं पुष्कळ लिहिली असतील, पण चुकीचं आहे हे माहीत असताना लिहिलेलं हे पहिलंच. कारखान्यात असं कुणी केलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं.

खाली नेला, ह्यांनीच लावून बघितला. बसेना. "हरकत नाही," म्हणाले, "सातवा होईल." माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. तिसरा शनिवारही गेला. मी सांगितलेलं 'नक्की' गेलं.

२३ मार्च, सोमवार

ह्यांच्याबरोबर फिरायला गेले. दोन वर्षांत गेले नव्हते, हे झपाझप चालतात आणि मी मागे पडते म्हणून. आज मी मागे पडले नाही. कोपऱ्यावरच्या तीन पायऱ्या चढताना ह्यांनी कठडा धरला. कठडा धरलेला मी बघितला, आणि मी बघितलं हे ह्यांनी बघितलं. "गंजलाय," म्हणाले. म्हटलं, हो, गंजलाय.

तरीही फिरून छान वाटलं. बाकावर बसून एक शेंगदाण्यांची पुडी दोघांत संपवली. ह्यांनी बसमधल्या गोष्टी सांगितल्या, सगळ्या ऐकलेल्या. एक आजीबाई रोज शेवटच्या थांब्यापर्यंत यायच्या आणि त्याच बसने परत जायच्या, नुसत्या बसायला. हे त्यांच्यासाठी मागचं दार जरा जास्त वेळ उघडं ठेवायचे. हे कधी सांगितलं नव्हतं.

२४ मार्च, मंगळवार

गॅरेजवाल्याचा फोन. काच आली, बंपरही तयार. परवा येऊन लावतो. हे लहान पोरासारखे खूश. मला धडकी भरली.

मलाही गाडी येते म्हणा. लायसन्स आहे, गेल्याच वर्षी नवं करून घेतलं. नऊ वर्षं चालवली मात्र नाही. शेजारी बसून हे "क्लच, क्लच... आता सोड... अगं सोड" करायचे. एके दिवशी मी गाडी रस्त्याच्या कडेला लावली, उतरले आणि घरी चालत आले. तीन किलोमीटर. हे मागून हळूहळू गाडी आणत होते, खिडकीतून विनवण्या करत. मी वळून बघितलं नाही. आता हसू येतं.

लेकीला सांगावं का? सांगितलं तर शनिवार कायमचा गेला. नाही सांगितलं तर... नाही, हे वाक्य पूर्ण लिहीत नाही.

२६ मार्च, गुरुवार

सकाळी गॅरेजवाला बंपर लावून गेला. गाडी नव्यासारखी दिसतेय.

दुपारी मी दुकानातून परत आले तर घरात कुणी नाही. मशीनचा खण उघडा. कापडाचे तुकडे नीट घडी करून बाजूला ठेवलेले. मी जिन्यावरून खाली आले. हे शेजारच्या सीटसमोर गुडघ्यांवर बसून पाना फिरवत होते. पाचवी जोडी बोल्टला लागलेली. दांडा आत टाकला. टक्क.

"बसला की," म्हणाले.

मी गाडीच्या उघड्या दाराला टेकले.

"बटण शोधत होतो. हा सापडला." मग पाना पुसत, माझ्याकडे न बघता, "पाचवा चांगला होता, मग सहावा कशाला केलास?"

"माप चुकलं."

"तुझं?"

एवढंच. मला उठायला हात दे म्हणाले. दिला. उठताना उजवा पाय आधी हातांनी जागेवर आणला आणि मग उभे राहिले. दोघं जिना चढलो. संध्याकाळी लेकीला कळवलं नाही, ना ह्यांनी ना मी. परवा शनिवार.

२७ मार्च, शुक्रवार

तोंडाने बोलायला जमणार नाही हे नक्की झालं. मग मला जे जमतं ते केलं. सकाळी मोठा कागद टेबलावर चिकटवला, पेन्सिलला टोक केलं आणि हाताने ड्रॉइंग काढलं. ड्रायव्हरच्या सीटचा उभा छेद, पाव आकारात. सीट, सळई, सळईखालचे ४१. मागे दांडा, ठोकळा ५८. पुढे ब्रेक. अंतरं सगळी. कुठे एक शब्द लिहिला नाही, फक्त आकडे. खाली आमच्या पद्धतीची चौकट – काढले: मी. तपासले: रिकामं. तपासणाऱ्याची सही नसेल तर कागद कारखान्यात खाली जात नसे.

रेषा चांगल्या आल्या. अजून हात थरथरत नाही, आज थरथरायला हरकत नव्हती तरी.

ह्यांच्या रोजच्या पेपरावर तो कागद ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. नळ सोडून उभी राहिले. भांडी सगळी घासून झालेली होती, पुन्हा घासली.

बऱ्याच वेळाने ह्यांनी हाक मारली. "हे एकेचाळीस काय?"

"सळईखालची जागा."

"आणि हे अठ्ठावन्न?"

"ठोकळा."

ह्यांना ड्रॉइंग वाचता येत नाही, पण बसवाला माणूस. कुठल्या बोळातून काय जाईल आणि काय जाणार नाही हे त्यांना माझ्याआधी कळतं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कागदावर बोट ठेवून मागच्या सीटपासून ब्रेककडे नेलं आणि सळईपाशी थांबवलं. तिथेच ठेवलं.

"छान काढलंयस," म्हणाले.

कागदाची चार घड्या करून शर्टाच्या खिशात टाकला आणि फिरायला गेले. मी गॅलरीतून बघत राहिले. गाडीपाशी थांबले नाहीत. फाटकाच्या खांबावर एकदा हात ठेवला आणि पुढे गेले.

मी चुकले असेन तर सहा महिने बोलणार नाहीत. चुकले नसेन तर काय, ते माहीत नाही. पण उद्या पोरगी त्या गाडीत बसणार नाही. ह्यांनी नाही सांगितलं तर मी सांगेन. हे ठरल्यावर भूक लागली. दोघं पोटभर जेवलो.

२८ मार्च, शनिवार

साडेआठला लेकीला फोन ह्यांनीच लावला. मी समोर बसले होते. म्हणाले, "दांडा ब्रेकखाली आला नव्हता. मी पाय उचलायला गेलो, तो उचललाच गेला नाही. पोरीला माझ्या गाडीत बसवू नकोस." तिकडून ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. हे नुसतं हं, हं करत होते. फोन ठेवल्यावर मी विचारलं, कधीपासून.

"थंडी सुरू झाली तेव्हापासून. चार महिने होतील."

सोमवारी अकराला डॉक्टरांकडे जायचं आहे. गाडी मी चालवणार.